दादाला बसवलं तिथे

गोदावरीच्या काठच्या बागेत एक भिंत आहे. दुसऱ्याचा जीव वाचवताना ज्यांचा स्वतःचा गेला, अशा साध्या माणसांची नावं तिच्यावर काळ्या दगडाच्या पाट्यांत कोरून लावली आहेत. विहिरीत उतरलेला गवंडी आहे, सातपूरला टाकीत पडलेल्या सोबत्याला काढायला गेलेला फिटर आहे, आणि माझा थोरला भाऊ आहे.

दादा पेठकडच्या आमच्या पाड्यावरून शहरात बांधकामावर मजुरीला आला होता. नदीला पूर होता. घाटावरून एक बाई घसरली आणि हा तिच्यामागे पाण्यात गेला. बाईला त्याने पायरीला लावलं, त्याला मात्र वर येता आलं नाही. ती बाई कोण, कुठली, आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. वाचली, ओल्या लुगड्यानिशी गर्दीत मिसळली आणि आपल्या घरी गेली. माझा तिच्यावर राग आहे. तो चुकीचा आहे हे कळतं, पण आहे.

दादाची पाटी लागावी म्हणून मी खूप चपला झिजवल्या. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथे तर वर्षं गेली. पण मी पडलो मास्तर, अर्ज लिहिणं माझ्या हातचा मळ. शेवटी पाटी लागली. एका साहेबांनी नारळ फोडला, दुसऱ्यांनी दादाचं नाव घेऊन भाषण केलं, ‘या शहराचा सुपुत्र’ म्हणाले. जिवंत होता तेव्हा याच शहराने सुपुत्राला पत्र्याच्या खोपटात झोपवलं होतं. तरी मी टाळ्या वाजवल्या आणि मनापासून वाजवल्या.

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असल्यामुळे आई त्या दिवशी येऊ शकली नव्हती. आवणी उरकल्यावर आली. एसटीतून उतरली तर काखेत एक कोरं पांढरं फडकं, घडी न मोडलेलं, आणि कनवटीला शेंदराची पुडी.

“हे कशाला?” मी विचारलं.

“त्याला न्यायला,” आई म्हणाली. “तूच ना फोनवर सांगितलं, दगड झाला म्हणून?”

तेव्हा मला तिच्या मनातलं उमगलं. आमच्या पाड्यावर असा अवेळी, घराबाहेर गेलेला माणूस आपोआप घरी येत नाही. त्याला आणावं लागतं. गेला त्या जागचा एक दगड उचलायचा, फडक्यात बांधायचा, वाटेने त्याच्याशी बोलत बोलत गावी न्यायचा आणि नाव घेऊन, नारळ फोडून शेताच्या बांधावर बसवायचा. पुढे सणासुदीला त्याच्यापुढे भात ठेवायचा. मग तो माणूस घरचा झाला. दादाच्या वेळी घाट पाण्याखाली होता. पाणी ओसरलं तोवर बाबांनी अंथरूण धरलं, ते त्यातून उठलेच नाहीत. पुढे काठाला सिमेंट झालं आणि उचलायला खडासुद्धा उरला नाही. आई मात्र बांधावरची त्याची जागा दरवर्षी खुरपून मोकळी ठेवत आली. गेल्या पावसात तिला दोनदा चक्कर आली, तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं, माझे डोळे मिटायच्या आत त्याला घरी आणा.

मी तिला भिंतीपाशी नेलं. तिला वाचता येत नाही. मी दादाच्या पाटीवर बोट ठेवलं. तिने सगळ्या अक्षरांवरून सावकाश तळवा फिरवला आणि मग पाटीच्या कडेला नखं घालून पाहिलं.

“मावशी, हात लावू नका, डाग पडतात,” बागेचा वॉचमन लांबून ओरडला. मी त्याच्यावर असा खेकसलो की तो पुन्हा जवळ आला नाही.

“ती निघत नाही, आई. पक्की बसवलीय.”

“नारळ फोडला व्हता?”

“फोडला.”

“नाव घेतलं व्हतं त्याचं?”

“घेतलं.”

आई मटकन खाली बसली. “मग झालं. हितंच बसवला त्याला. एकदा बसवलेला माणूस हालत नाय रे.”

मी समजावू लागलो. हा तसला दगड नाही, ही नुसती आठवण आहे, मान आहे, येणारेजाणारे त्याचं नाव वाचतील. वर्गात बोलतो तसा बोलत राहिलो. गावात साहेब आला की त्याचं ऐकून घेतात, तसं तिने माझं ऐकून घेतलं.

“तुला इचारलं व्हतं का त्यांनी?”

“अर्ज मीच केला होता, आई.”

ती शिव्या देईल, रडेल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फडकं मांडीवर घेतलं, हाताने सारखं केलं आणि परत काखेत धरलं. शेंदराची पुडी काढलीच नाही. मला भडभडून आलं, पण वॉचमनसमोर रडायची लाज वाटली.

मग ती माझा हात धरून उठली. दादाच्या पाटीशेजारी भिंत कोरी आहे. पुढच्या नावांसाठी तेवढी जागा राखून ठेवली आहे. आईने तिथे बोटं टेकली.

“ही मोकळी हाय ना? मग मी गेले का माझा दगड हितं बसव. त्याच्यापाशी.”

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर ती त्या आशेवर गावी गेली असती. पण त्या भिंतीपुढे माझ्याने खोटं बोलवेना.

“इथे तसं कुणाला बसवत नाहीत, आई. दुसऱ्याला वाचवताना जो मेला, त्यालाच इथे जागा.”

आईने बोटं काढून घेतली. दादाच्या पाटीकडे बघत म्हणाली, “मंग मला कशी मिळंल? ज्याला वाचवायचा तो माझ्याच्यानं वाचला नाय.”