डांग्बेची सहा अंडी

आगोसू पाया खणायचा. चार माणसांचे काम एकटा करायचा आणि संध्याकाळी ओळंबा सोडून खड्ड्याच्या कडा पुन्हा तपासायचा. मी खाजणात चाळीस वर्षे मीठ शिजवले. कामसू माणसे पुष्कळ पाहिली, त्याच्यासारखा नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये तो स्वतःच्या परसात संडासाचा खड्डा खणत होता. दोन हात खाली फावड्याला काहीतरी मऊ लागले. तिथे अंड्यांभोवती वेटोळे घालून डांग्बे बसली होती. डांग्बे म्हणजे आमचा अजगर. तो घरात शिरला तर आम्ही त्याला दोन्ही हातांनी उचलतो आणि त्याच्या देवळात पोचवतो. मारत कुणी नाही. आगोसूच्या फावड्याने तिचे दोन तुकडे झाले.

त्याने लपवले नाही. तिला पांढऱ्या कापडात गुंडाळले, अंडी टोपीत घेतली आणि दाहांसमोर गुडघे टेकले. दाह म्हणजे घराण्याचे कर्ते. सहा अंडी होती. चार एकमेकांना चिकटलेली, दोन सुटी.

दाह म्हणाले, "आई मारलीस. आता तिचं काम तू कर. पिल्लं बाहेर येईपर्यंत बापाच्या घरात पाऊल ठेवायचं नाही. आणि एकही आलं नाही, तर कधीच नाही."

त्या घरात त्याची आंधळी आई होती. रोज संध्याकाळी तो तिला आकासा, म्हणजे आंबवलेल्या मक्याची उकड, भरवायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचे ती धड खात नसे.

"उबवायची कशी, दाह?"

"ती कशी बसली होती? ऊब हवी, ओल हवी. आणि वरची बाजू वरच राहू दे. ही कोंबडीची अंडी नव्हेत. फिरवलीस तर पिल्लू आत बुडेल."

आगोसूने टोपीकडे पाहिले. सुटी अंडी वाटभर घरंगळत आली होती.

तिथून तो माझ्या खोपटात आला. मिठाची चूल दिवसभर पेटलेली असते आणि रात्री राख ऊब धरते, हे त्याला माहीत होते.

"काकी, चुलीमागची जागा दे मला. दोन महिने."

"घे. पण मिठाचा हात अंड्याला लागला तर आतलं पाणी ओढून घेईल. गोडं पाणी वेगळं, भांडं वेगळं. आणि हात धुतल्याशिवाय जवळ फिरकायचं नाही."

त्याने मडके अर्धे जमिनीत पुरले. आत नारळाचा भुसा ओला करून, घट्ट पिळून घातला. प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला कोळशाचा ठिपका दिला. मनगटाची आतली बाजू भुशाला लावून बघायचा. ना गरम ना गार लागले की बरोबर. गरम लागले तर निखारे मागे ओढायचा, गार लागले तर करवंट्या सारायचा. झोपायचाही तिथेच.

कष्ट त्याला जड नव्हते. बसून राहणे जड होते. त्याने माझे छप्पर शाकारले, चर खणला, तरी दर घटकेला झाकण उघडायचा.

"अरे, ऊब जाते!"

"हात शिवशिवतात, काकी."

"मग माझी लाकडं फोड."

पंचेचाळिसाव्या दिवशी एका सुट्या अंड्यावर हिरवी बुरशी आली. त्रेपन्नाव्या दिवशी सगळ्याच अंड्यांना खळगे पडले. आगोसू पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

"सुकली! ओततो."

मी तांब्या धरला. "भुसा ओला आहे का?"

त्याने बोट खुपसले. "आहे."

"मग पाणी कशाला?"

"तुला काय माहीत यातलं?"

"काही नाही. तुला तरी कुठे माहीत आहे? म्हणूनच थांब."

तो थांबला. पण त्या दिवसापासून जेवण टाकले.

अठ्ठावन्नाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला चीर दिसली. चिरेतून तांदळाच्या दाण्याएवढे नाक. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते नाक तिथेच, आणि बाकीची अंडी बंद. आगोसूने दाढीचे पाते काढले.

"चिरतो. गुदमरतील आत."

"आणि रक्त आलं तर? ते कशाने बुजवणार, सिमेंटने?"

"काकी, माझी आई बसलीय तिकडे!"

"बसू दे. तूही बस."

तो पाते टाकून खाली बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी मीठ ढवळत राहिले. ऊन कलायच्या आधी पिल्लू अंगाला हिसका देत बाहेर आले आणि भुशावर मूठ वळल्यासारखे गोळा होऊन पडले. आगोसूने हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी तीन आली.

सुटी दोन तशीच राहिली. तीन दिवस वाट पाहून त्याने ती कापली. एक सडले होते. दुसऱ्यात पूर्ण पिल्लू होते, अंगावर ठिपके उमटलेले, मेलेले. तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

पिल्ले टोपलीत घेऊन आम्ही दाहांकडे गेलो. त्यांनी मोजली.

"सहा होती."

"सहा होती. दोन मी टोपीतून आणतानाच मारली."

दाहांनी चारही पिल्ले पुन्हा न्याहाळली. एक पिल्लू आले तरी पुरे, असा त्यांचा शब्द होता, पण शब्द देणारे तेच आणि फिरवणारेही तेच.

"त्या दोघांना त्यांच्या आईशेजारी पुर," शेवटी ते म्हणाले. "मग आत जा."

त्याने खड्डा खणला, पुरले, हातपाय धुतले. आत म्हातारी चटईवर होती. तिने त्याचा चेहरा चाचपला.

"चार आली, आई," तो म्हणाला.

"चार येऊ देत नाहीतर चाळीस. मला भूक लागलीय. वाडगा कुठे आहे?"