एक किलो चारशे ग्रॅम

या सदरातील अनुभव मी वाचतो ते त्यांतल्या चुका काढण्यासाठी. बहुतेकांना साक्षीदार नसतो, वेळेची नोंद नसते, आणि सांगणाऱ्याला जे पाहायचे असते नेमके तेच दिसलेले असते. भूत, देवचार, राखणदार यांपैकी कशावरही माझा विश्वास नव्हता. आज आहे, असेही मी म्हणणार नाही. तरीही लिहितो आहे, कारण यात आकडे आहेत आणि ते आकडे मी स्वतः घेतलेले आहेत.

वजनमापे निरीक्षक म्हणून मी चौतीस वर्षे नोकरी केली. बाजारातले तराजू तपासायचे, खोटी वजने जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. या कामात एक सवय अंगात भिनते – समोरचा माणूस लबाड आहे असे धरून चालायचे आणि काटा बरोबर निघाला तरच त्याला सोडायचे. ही सवय मी घरीही आणली, अशी माझी पत्नी शालिनी हिची तक्रार आहे. ती खरी आहे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघे मालवण तालुक्यातील तोंडवली या आमच्या गावी राहतो. घराला लागून सुरूचे बन आणि बनाच्या पलीकडे समुद्र. मुलगी मेधा न्यूझीलंडमध्ये असते. तिची मुलगी सहा महिन्यांची झाली, तेव्हा गेल्या डिसेंबरात दोन महिन्यांसाठी आम्ही तिच्याकडे जायचे ठरवले. परदेशप्रवास पहिलाच.

मेधाने फोनवर सर्व नियम सांगितले. माणशी एक बॅग, तेवीस किलोंपर्यंत. हातात सात किलो. तिकडे उन्हाळा असेल, पण एखादा स्वेटर हवाच. औषधांसोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. खाण्याचा जो जिन्नस असेल तो फॉर्मवर लिहायचा; लपवला आणि सापडला तर जबर दंड. सुकी मासळी नको, बी-बियाणे नको, नारळ तर नकोच.

मी यादी केली. प्रत्येक वस्तू तोलून तिचे वजन समोर लिहिले आणि मगच ती बॅगेत जाऊ दिली. शालिनीने चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "हेच्यात माझा नाव खंय आसा? की माका हातातल्या सात किलोत नेतलास?"

मी यादी घडी करून खिशात ठेवली.

तिच्या बॅगेत यादीतला सतरावा क्रमांक एका गोधडीचा होता – एक किलो सहाशे ग्रॅम. नातीसाठी तिने ती जुन्या सुती लुगड्यांची शिवली होती. दुपारी जेवणे आटोपली की पडवीत बसून चार महिने तिचे तेच काम चालू होते. तिकडे हिच्यापेक्षा हलकी पांघरुणे मिळतात, हे मी एकदा सांगून पाहिले. पुन्हा सांगितले नाही.

आमचा मतभेद झाला तो नारळावरून. लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस वेशीवरच्या राखणदारापुढे, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या दगडापुढे, नारळ ठेवतो आणि कुठे चाललो, कधी परतणार, हे मोठ्याने सांगतो. त्याला गाऱ्हाणे घालणे म्हणतात. बोटीवर जाणारे घालतात, मुंबईच्या नोकरीवर परतणारे घालतात. मी कधी घातले नव्हते. शालिनीने विहिरीजवळच्या माडाचा एक असोला, म्हणजे न सोललेला, नारळ त्यासाठी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काढून ठेवला होता. मी म्हणालो, विमानात बसण्याची परवानगी विमानतळावर मिळते, दगडापाशी नाही. हा प्रकार होणार नाही. तिने वाद घातला नाही. नारळ मात्र कोपऱ्यातून उचललाही नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता, मी पडवीच्या वाशाला ताणकाटा टांगला आणि बॅगा तोलायला घेतल्या. माझी बॅग यादीप्रमाणे उतरली – बावीस किलो नऊशे. तिच्यात आता काही घालायला वाव नव्हता. मग शालिनीची बॅग अडकवली. यादीची बेरीज, रिकाम्या बॅगेचे वजन धरून, बावीस किलो तीनशे होती.

काट्याने तेवीस किलो सातशे दाखवले.

प्रथम मी काट्यावर संशय घेतला. माझ्याकडे शिक्क्याचे पाच किलोचे लोखंडी वजन आहे, ते टांगले. पाच किलो, ना कमी ना जास्त. मेधाने पाठवलेला बॅगा तोलण्याचा छोटा डिजिटल काटा होता. त्यानेही तेवीस सातशेच दाखवले. मग बेरीज तपासली. ती बरोबर होती. याचा अर्थ एकच उरत होता, आणि तो मला चांगला परिचित होता – माझ्या पाठीमागे मालात काहीतरी घातले गेले होते.

मी शालिनीकडे पाहिले. बाजारात दुकानदाराकडे पाहायचो तसेच पाहिले असावे.

"काय घातलेस?"

"कायएक नाय."

"सुके बांगडे?"

"तुमचो काटो तुमका सगळा सांगता, मगे माका कित्या विचारतास?"

बॅग पडवीत उपडी केली. एवढ्यात शेजारचा बाबल सकाळी गाडी किती वाजता आणू ते विचारायला आला. त्याच्यादेखत मी तिचे कपडे एकेक करून झटकले, अस्तर चाचपले, चाकांच्या खोबणीत बोटे घातली. तिने पदर खांद्यावरून घेतला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तेव्हा मला त्यात काही गैर वाटले नाही.

यादीबाहेरची एकही वस्तू निघाली नाही. सर्व जिन्नस पुन्हा तोलून पुन्हा भरले. तेवीस सातशे. तिसऱ्यांदा बाबलला काटा वाचायला लावले. त्याने वाचला, माझ्याकडे पाहिले, शालिनीकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, काकीचो राग भरलो आसतलो हेच्यात. तेका यादीत नंबर देवा."



फरक एक किलो चारशे ग्रॅम होता. असोला नारळ साधारण एवढाच भरतो; त्यावरून मला कोपऱ्यातला नारळ आठवला. तो तिने कुठेतरी दडवला असणार, या खात्रीने मी स्वयंपाकघरात गेलो. नारळ कोपऱ्यात, जागच्या जागी होता. मी तो उचलून बाहेर आणला आणि डिजिटल काट्यावर पिशवीतून टांगला.

एक किलो चारशे. दोनदा तोलला, दोनदा तेच.

नारळ माझ्या डाव्या हातात. बॅग वाशाला लटकलेली, कोणी स्पर्श न केलेली. ताणकाटा तेवीस सातशेवर. बाबल आता विनोद करत नव्हता. "मी सकाळी साताक येतंय," एवढे बोलून तो निघून गेला.

कारण कळो न कळो, वजन उतरवणे भाग होते. मी गोधडी बाहेर काढली. काटा बावीस शंभरवर आला – म्हणजे तो जादा भार अजून आत होताच, पण बॅग मर्यादेत बसत होती. गोधडी घडी करून मी शालिनीच्या हातात दिली.

ती घडी तिने बराच वेळ हातावर तशीच धरून ठेवली. मग म्हणाली, "गोधडी ऱ्हवांदे. पण मी कायएक लपवूक नाय, ह्या एकदा तुमच्या तोंडान म्हणा."

मी म्हणालो, "लपवल्याचा पुरावा नाही."

"मी पुरावो इचारूक नाय," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर मी बॅगेच्या कुलपावरून तांब्याची तार ओढली, गाठ मारली आणि गाठीवर लाख ओतून माझ्या अंगठीचा ठसा उमटवला. घरच्या माणसापासून घरची बॅग मी सील केली. हे लिहिताना मला बरे वाटत नाही; परंतु वगळले तर वृत्तांत अपुरा राहील.

सकाळी सहाला उठलो तर शालिनी तयार होऊन पडवीत बसली होती. गोधडी पलंगावर, तशीच घडी घातलेली. नारळ कोपऱ्यात. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्याशी एकदा तरी लबाडी केल्याचे आठवते का, हे मी स्वतःला विचारले. आठवले नाही. पुरावा नाही आणि लबाडी नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत हे मला, या खात्याच्या माणसाला, समजायला हवे होते.

मी लाख फोडली, गोधडी बॅगेत घातली, पुन्हा तार ओढून पुन्हा ठसा मारला. तोलली. तेवीस सातशे. जास्तीचे काय व्हायचे ते विमानतळावर होईल, असे ठरवले. नारळ कापडी पिशवीत घालून गाडीत माझ्या पायाशी ठेवला. शालिनीने दोन्ही गोष्टी पाहिल्या. मग ती मागच्या सीटवर बसली.

वेशीवर उंडीच्या झाडाखाली मी बाबलला गाडी थांबवायला सांगितली. हे मी श्रद्धेने केले नाही. आदल्या दिवशी मी शालिनीचा तिच्याच घरात अपमान केला होता. त्याची काही भरपाई करावी, इतकाच हेतू. नारळ दगडापुढे ठेवला, हात जोडले आणि काय बोलावे ते न सुचल्याने कचेरीच्या मराठीत बोललो – मी राहणार तोंडवली, पत्नीसह दोन महिन्यांसाठी परदेशी जात आहे, महाशिवरात्रीपूर्वी परत येईन, घराकडे लक्ष असावे.

"व्हय म्हाराजा," बाबलने रीतीप्रमाणे साथ दिली.

गाडीतून आवाज आला, "गाऱ्हाणा घालतास काय अर्ज देतास?"

मी पुन्हा दगडाकडे वळलो. मग म्हणालो, "आणि माझ्या पत्नीने बॅगेत काहीही लपवलेले नाही. संशय माझा होता. तो खोटा होता."

बाबलचे "व्हय म्हाराजा" या वेळी थोडे उशिरा आले.

पुढे आम्ही कसालला महामार्गाला लागलो. तिथे चहा प्यायलो, तोही गाडीत बसूनच. गाडीची डिकी मधे उघडली नाही. तिच्यावर माझे लक्ष होते. सवय एका सकाळीत जात नाही. गोव्याच्या विमानतळावर काउंटरपाशी प्रथम तार पाहिली. गाठ तशीच, ठसा अखंड. बॅग पट्ट्यावर ठेवली.

बावीस किलो तीनशे.

मी त्या मुलीला पुन्हा तोलण्याची विनंती केली. तिने तोलली. मी यंत्राच्या तपासणीचा शिक्का दाखवायला सांगितला. तिने थोड्या नाराजीने कडेला बोट केले. शिक्का होता, चालू वर्षाचा. बावीस तीनशे. माझी बॅग त्याच यंत्रावर बावीस नऊशे भरली – घरच्याइतकीच. म्हणजे काटे जुळत होते. मेधाच्या घरी बॅग उघडून यादी ताडून पाहिली. सर्व वस्तू होत्या, सतराव्या क्रमांकासह. एकही कमी नव्हती.

परत आल्यावर रिकामी बॅग तोलली, पूर्वीइतकीच होती. वेशीवरचा नारळ नव्हता. कोणी नेला असेल, नेतातच.

आता माझी अडचण सांगतो. तपासणीचा पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तरच फरक कशाने पडला ते कळते. त्या सकाळी मी दोन गोष्टी बदलल्या. नारळ ठेवला, आणि ते वाक्य बोललो. त्यामुळे ते एक किलो चारशे ग्रॅम कोणत्या कारणाने उतरले, आणि मुळात ते कशाचे होते, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पुढेही मिळेल असे वाटत नाही.

शालिनीसमोर मी ही अडचण मांडली. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मगे पुढच्या खेपेक नारळ नको ठेवूया. तुमी नुसता बोला."