अंगठ्याचा कागद

कारखान्याच्या शेठने मला फसवलं, आणि माझ्या हातून एका मच्छीमाराच्या मुलाला. हे आधीच सांगतो, कारण पालघर कोर्टाच्या बाररूममध्ये, वकिलांच्या बैठकीत, हा किस्सा उलटा सांगतात. म्हणे वकिलाने कागद बनवला आणि शेठ बिचारा अडकला.

मी कारखानदारांचा वकील. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कोणाचा हात मशीनमध्ये गेला, कोणी ॲसिडने भाजला, किंवा एखाद्या डॉक्टरवर चुकीच्या ऑपरेशनचा दावा लागला, की नोटीस माझ्या टेबलावर यायची. दावा पाडायचा, नाहीतर निम्म्याच्या खाली आणायचा, हे माझं काम. त्याची मला लाज नव्हती. वडिलांची पानवेलीची वाडी होती. विड्याच्या पानांच्या दलालाशी हुज्जत घालायला मी शाळेत असतानाच शिकलो. वशिला नव्हता, ओळख नव्हती. होतं ते तोंड, आणि ते मी वापरलं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. तारापूरकडच्या किनाऱ्यावरचा एक तरुण बापाची होडी सोडून प्रेस मशीनवर लागला होता. वर्षाच्या आत उजवा हात मनगटापासून गेला. मशीनला पुढे लोखंडी जाळी असते. ती लावली तर हात आत जात नाही, पण कामही सावकाश होतं. मालकाने बजावूनही कामगाराने स्वतःच जाळी काढली असेल, तर मालक सुटतो. कायदाच तसा होता.

पोरगा अजून दवाखान्यात होता, तेव्हाच शेठ आणि मॅनेजर सरावलीला माझ्या ऑफिसात आले. मी फाईल चाळली आणि म्हणालो, "जाळी काढू नकोस असं त्याला बजावल्याचा, त्याने कबूल केलेला एखादा कागद असता, तर केस हलकी झाली असती."

हे वाक्य मी शंभर अशिलांना ऐकवलं असेल. डॉक्टर जसं म्हणतो, आधी आला असता तर बरं झालं असतं, तसं. पंधरा दिवसांनी मॅनेजर कागद घेऊन आला. अपघाताच्या तीन महिने आधीची तारीख, खाली डाव्या हाताचा अंगठा. "जुन्या कपाटात सापडला," म्हणाला.

मी तो उजेडात धरून पाहिला. शाई, तारीख, मजकूर, सगळं पाहिलं. पण या माणसाला सही येते का, हा एक प्रश्न विचारला नाही. आमच्याकडे पाड्यांवरून येणारे निम्मे कामगार अंगठा द्यायचे. अंगठा दिसला की नजर पुढे सरकायची. धंद्याने लावलेली खोड.

पोराच्या वकिलाला मी तो कागद दाखवला, हातात दिला नाही. त्याने पोराला एवढंच विचारलं, "अंगठा तुझा का?" पोरगा हो म्हणाला. अंगठा त्याचाच होता. मग मी तडजोडीला बसलो. समोर त्याची आई होती, सुके बोंबील विकणारी. तिच्याइतका चिवट माणूस मी कोर्टात पाहिला नाही.

"बाई, केस उभी राहिली तर हातात काही पडणार नाही. देतोय ते घ्या."

"वाळला की बोंबील हलका होतो, वकील. माणूस नाय होत. कशाला वजन कमी करता माझ्या पोराचं?"

तरी मी तिला खाली आणलं. मागितलं होतं त्याच्या चौथ्या हिश्श्यावर. मला त्या दिवशी आनंद झाला होता, हेही लिहून ठेवतो.

ठाण्याला कोर्टात सह्या करायच्या होत्या. त्यांचा वकील मसुद्यावर सही करून दुसऱ्या कोर्टात पळाला. कारकुनाने पोरापुढे शाईचा पॅड सरकवला आणि म्हणाला, "अंगठा."

आई भडकली. "अडाणी समजलात काय? सातवी पास हाय माझा पोरगा. हात होता तवा सही करायचा."

"पगाराच्या वहीत बघा ना," पोरगा हळूच म्हणाला. "दर महिन्याला माझी सही हाय."

मी त्याला खिडकीशी नेलं. "मग याआधी अंगठा कधी दिला होतास?"

"एकदाच. दवाखान्यात. मॅनेजर आलेले. बोलले औषधांचा कागद हाय. मी गुंगीत होतो, त्यांनीच बोट धरलं."

न्यायाधीशांचं दालन दहा पावलांवर होतं. आत जाऊन चार वाक्यं बोललो असतो तर तडजोड तिथेच मोडली असती. मी मॅनेजरला कोपऱ्यात खेचलं. तो म्हणाला, "आधी होऊन जाऊ द्या साहेब, मग बोलू." अशिलाचं गुपित बाहेर काढायचं नाही, असं मी मनाला सांगितलं. पोराने अंगठा दिला. आईने पदराने त्याच्या बोटाची शाई पुसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेठच्या केबिनमध्ये फाईल आपटली. तोंडाला येईल ते बोललो. शिपाई दारात येऊन उभा राहिला. शेठने चहाचा कप खाली ठेवला.

"गरम कशाला होता वकीलसाहेब? कागद असता तर, असं तुम्हीच म्हणालात. मी आणून दिला."

मी त्याचं काम सोडलं. त्याने महिन्याभरात दुसरा वकील केला आणि वसाहतभर सांगितलं की कागदाची युक्ती माझी. वीस कारखान्यांची कामं माझ्याकडे होती, दोन वर्षांत पाच राहिली. तो राग अजून आहे. पण त्या बाईला बाजारात पाहून मी रस्ता बदलायचो. त्याचा शेठवरच्या रागाशी काही संबंध नव्हता.

ते वाक्य माझं होतं. खिडकीपासून न्यायाधीशांपर्यंतची दहा पावलं मी टाकली नाहीत, तेही माझं. माझ्या वाट्याचं मी इथे लिहून दिलं, खाली सही करून.

शेठ, आता तुमचं सांगा. गुंगीतल्या माणसाचं बोट शाईत बुडवायला तुमच्या मॅनेजरला कोणी पाठवलं? मी पाठवलं नव्हतं. पगाराची वही तुमच्या कपाटात होती, त्याची सही तुम्ही दर महिन्याला पाहत होता. बाररूममध्ये नको, माझ्यासमोरही नको. किनाऱ्यावर जिथे ती बाई बोंबील वाळत घालते, तिथे जा, आणि तिच्यासमोर उभं राहून सांगा.