मुरमाडातला गहू

पाटाचं पाणी कधी येईल ते पाटकऱ्यालाही सांगता येत नाही. आज आलं, पण धार बारीक. गव्हाचा दाणा भरायला लागलाय. सगळं रान भिजणार नाही हे दिसत असूनही मी प्रत्येक वाफ्याचं दारं थोडं थोडं फोडत होतो. पाणी भेगांत शिरायचं, बुडबुडे सोडायचं, पुढं सरकायचंच नाही.

बांधावरून बायको म्हणाली, "अहो, घोटघोट पाजून कुणाचीच तहान भागायची नाही. मुरमाडातले वाफे सोडा."

"पेरलंय मी. सोडू कसं?"

"मग सगळंच वाळवा, मानानं!"

पाण्यावर आपली सत्ता नाही. कुणाला नाही म्हणायचं, एवढंच आपल्या हातात, आणि तेच जड जातं. मी मुरमाडातली दारी मातीनं बुजवली. काळ्या रानात पाणी सरसर चालू लागलं. मुरमाडातला गहू वाऱ्यानं हलत होता. तिकडं पाठ करून मी फावड्यावर टेकून उभा राहिलो.