खालचा ओंडका

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा, हात आधी सुटायचा आणि तोंड मागून. चाकणात त्यांना सगळे मोटारवाले म्हणत. लष्कराच्या लिलावातली जुनी मोटार घेऊन ते पुण्याची भाडी करायचे. हुज्जत घालणाऱ्या एका गिऱ्हाइकाचे त्यांनी दात पाडले होते. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो; त्यांचा डावा कान मामंजींच्याच चपराकीने गेला होता.

ब्रेकला मात्र ते दुसऱ्याचा हात लागू देत नसत. "मोशीच्या उतारावर मिस्त्री येणार हाय का माझ्यासंगं?" म्हणायचे. अंगणात जॅकवर मोटार उचलायची, चाक काढायचं आणि खाली आधाराला बाभळीचा ओंडका सरकवायचा. "जॅक भाडोत्री, ओंडका घरचा," हे त्यांचं ठरलेलं. ब्रेकच्या नळीतली हवा काढताना आत बसून ब्रेक दाबायला कुणीतरी लागे. नवऱ्याचा पाय घाईचा, म्हणून मला बसवत. "दाब. धर. सोड." चुकलं तर पाना अंगावर यायचा. पण ब्रेकचे पट्टे घासताना तोच हात तान्ह्या पोराला तेल लावल्यासारखा फिरायचा. ते बघायला मला आवडायचं.

एकदा नवऱ्याच्या हातून नट मातीत पडला. मामंजींनी त्याचं नाक फोडलं. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "चारी चाकांना ब्रेक लावता, ह्या हाताला एक लावा की."

मामंजींनी मोटारीखालचा ओंडका उपसला आणि त्यांच्यावर फेकला. आत्याबाईंचं कपाळ फुटलं. मामंजी पुन्हा खाली बसले, पाना घ्यायला मोटारीखाली हात घातला, आणि जॅक घसरला. मोटार उजव्या हातावर बसली.

ते गुरासारखे ओरडले. नवरा धावला, त्याला आत्याबाईंनी मागं ढकललं. जॅक स्वतः लावला, दांडा धरला, पण फिरवला नाही. डोळ्यांवर आलेलं रक्त पदराने पुसत विचारलं, "पुन्हा हात उचलाल?"

"न्हाई. देवाशप्पत न्हाई."

"देवाची नको. मोटारीची घ्या."

हात चेंगरत होता आणि माणूस विचार करत होता. मग म्हणाले, "मोटारीची शप्पत."

तेव्हा दांडा फिरला.

तीन बोटं गेली. शपथ त्यांनी पाळली. शिव्या मात्र शेवटपर्यंत दिल्या. पुढे ब्रेक आत्याबाईच करू लागल्या. मामंजी शेजारी बसून "अगं सावकाश, बाई, सावकाश" म्हणत राहायचे, आणि आत बसून ब्रेक दाबायला मी.

ते गेले त्या दिवशी तिरडी उचलायच्या वेळी आत्याबाईंनी तोच ओंडका आणून माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. "सरणात सगळ्यात खाली लाव," म्हणाल्या. "घसरायला नको."