पडदेवाले भाऊंचे गोल पत्ते

पडदेवाले भाऊ कुणाचंही भविष्य पाहण्याआधी त्याला हात धुवायला लावत. अंगणात पाण्याचा रांजण, त्यावर लोटा आणि शेजारी खापरात चुलीची राख, ही तयारी कायम असे. आलेला माणूस पाटील असो की गुराखी, भाऊंचा पहिला शब्द एकच, "पहिले हात धुवा." लोकांना वाटे, हा काही तरी विधी असणार. म्हणून कुणी हातांबरोबर पायही धुवत, कुणी चूळ भरत, आणि वैरागडचे एक गृहस्थ तर उपास धरून ओल्या धोतरानिशी आले होते. भाऊंनी त्यांना आधी भात जेवायला घातला आणि मग पुन्हा हात धुवायला लावले. मी एकदा त्यांना या विधीचं कारण विचारलं. "कारन काय राह्यते बाई," ते म्हणाले, "लोकायचे हात तेलकट. माया रंगाचा सत्यानास होते."

मी तेव्हा नागपूरहून नवी नवी आरमोरीला आले होते. पन्नासनंतरची दोन-चार वर्षं असतील. गडचिरोली जिल्हा वगैरे पुढच्या गोष्टी. तेव्हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. मुलींचा वर्ग काढायला मला पाठवलं होतं, आणि घरोघरी फिरून, आयांच्या विनवण्या करून मी अकरा मुली जमवल्या होत्या. वर्गाच्या दारावर पाटी हवी म्हणून लोकांनी मला भाऊंकडे धाडलं. भाऊ झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवत. धान कापून झालं की वडशापासून गावोगाव नाटकं सुरू होत आणि प्रत्येक गावात भाऊंचाच राजवाडा, भाऊंचाच रस्ता आणि भाऊंचंच जंगल दिसे. ते जंगल इतकं हिरवंगार की एका गावात बकरीने खरं समजून त्याचा कोपरा खाल्ला, असं सांगतात. भाऊ ही गोष्ट स्वतः कधी सांगत नसत, पण कुणी सांगू लागला की थांबवतही नसत.

पाटी त्यांनी अशी झकास रंगवली की बघत राहावं. मी कागदावर लिहून दिलेलं प्रत्येक अक्षर वळणासकट उतरलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, अक्षर फार सुंदर आहे तुमचं." ते मोकळेपणाने हसले. "मले वाचता नाई येत बाई. तुमी काहाडलं तसं मी काहाडलं. मले फक्त दिसते." त्यांच्यामागे त्यांची बायको सगुणाबाई चिंचा फोडत बसली होती. ती पाटीकडे एकटक बघत होती. पाटीच्या रंगाचं तिला कौतुक वाटत असेल असं समजून मी घरी गेले. शिक्षक माणसाला सगळं कळतं असं त्याला स्वतःला फार वाटत असतं.

पत्त्यांचा उद्योग पावसाळ्यातला. तेव्हा नाटकं बंद आणि हाताला काम नाही. मग भाऊ जुने फाटके पडदे काढत, त्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवत, वाळले की वाटीच्या मापाने गोल कापत आणि नदीतल्या गुळगुळीत दगडाने घासून त्यावर चित्रं काढत. म्हणजे कुणाचं भविष्य राजवाड्याच्या तुकड्यावर रंगलेलं असे, तर कुणाचं बकरीने सोडलेल्या जंगलावर. पत्ते सुपात पालथे मांडायचे, आलेल्याने एक उचलायचा. फी म्हणून मूठभर चिंचोके. भाऊंचं भविष्य असं खळीतून निघे आणि खळीतच परत जाई.

परवा माझी भाची भविष्य सांगायचे विलायती टॅरो पत्ते घेऊन आली. छान छापलेले आहेत. एकावर उलटा टांगलेला माणूस, एकावर वीज पडून कोसळणारा बुरूज, आणि मृत्यूच्या पत्त्यावर घोड्यावर बसलेला सांगाडा. भाची मला एकेकाचा गूढ अर्थ पुस्तकात बघून सांगत होती आणि मला भाऊंची आठवण येत होती. त्यांच्या पत्त्यांत सांगाडा नव्हता, बुरूज नव्हता, आणि अर्थ बघायला पुस्तकही नव्हतं. त्यांचा वाघ पोट भरून पाय पसरून झोपलेला. "भेव त हाय," भाऊ म्हणत, "पन आज त्याचं जेवन झालं हाय." मोहाचं झाड काढलेलं, खाली टपटपलेली फुलं, आणि झाडामागे अस्वल. अर्थ असा की नशिबाचं आपोआप पडतं, पण अस्वलाच्या आधी उठावं लागतं. कुरखेड्याकडच्या एका गोंड म्हाताऱ्याने हा पत्ता उचलला, बराच वेळ निरखला, आणि अस्वल असं बसत नाही म्हणून स्वतः जमिनीवर बसून दाखवलं. भाऊंनी त्याला पुन्हा दोनदा बसायला लावलं आणि अस्वल नव्याने काढलं. त्या दिवशी चिंचोके उलट भाऊंनीच त्याला दिले.

मृत्यूचा पत्ता त्यांच्याकडेही होता. धान कापून मोकळी झालेली शेताची बांधी, नुसती खुंटं. मी म्हटलं, "हे फार उदास झालं." भाऊंनी पत्ता माझ्या डोळ्यांजवळ धरला. खुंटांच्या मधून बारीक हिरवे कोंब निघाले होते. "लाखोळी हाय बाई, तिची दाळ करतेत. धान उभा रायते तवाच तिचं बी फेकतेत. कापनारा येते, तवा ती निंगालेली रायते." मी नागपूरच्या महाल भागातली, मला ही शेती कुठली माहीत असायला! त्या हिवाळ्यात मुद्दाम बांधावर जाऊन पाहिलं, आणि खरंच तसं होतं.

माणसांचे चेहरेही ते गावातूनच उचलत. दान करणाऱ्या माणसाला त्यांनी गावातल्या सगळ्यांत चिकट किराणावाल्याचं तोंड दिलं. किराणावाला भांडायला आला, हात धुऊन पत्ता पाहिला आणि विरघळला. त्यानंतर ज्याला तो पत्ता येई तो सरळ त्याच्या दुकानात जाऊन उभा राही, आणि तो बिचारा मुकाट्याने गुळाचा खडा काढून देई. मी भाऊंना म्हटलं, "तुम्ही त्याची थट्टा केलीत." ते म्हणाले, "नाई बाई. तो तसाच होता. त्याले कोनी सांगतलं नोहोतं."

भाऊ स्वतः अर्थ सांगत नसत. "तुमाले काय दिसून राह्यलं?" असं विचारत आणि माणूस बोलत सुटला की "मंग झालं" म्हणून दुसऱ्याला बोलावत. त्यांचा एक नियम मात्र कडक होता. उचललेला पत्ता घरी न्यायचा, धानाच्या ढोलीत ठेवायचा आणि ज्या कामासाठी उचलला ते बरं-वाईट निपटलं की परत आणून द्यायचा. आता माणसांची कामं कधी निपटतात का? कुणाची सोयरीक अडलेली, कुणाच्या भावाभावांतला अबोला. त्यामुळे निम्मे पत्ते तालुकाभरच्या ढोल्यांत पडलेले असत. एकूण पत्ते किती, हे भाऊंनाही ठाऊक नव्हतं. सगळे एकत्र कुणी पाहिलेच नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात माझा धीर सुटला. दोनदा हिवताप झाला, न्हाणीत साप निघाला, आणि संध्याकाळी बोलायला आपल्या वयाचं माणूस नाही. मी बदलीसाठी अर्ज केला. ही गोष्ट मी फक्त घरमालकिणीला, तीही गुपित म्हणून सांगितली, म्हणजे आठवडाभरात साऱ्या आरमोरीला कळली. शाळा तपासायला आलेले साहेब तर स्पष्टच म्हणाले होते, "तुम्ही गेलात तर दुसरी बाई या जंगलात येणार नाही. वर्ग बंद होईल." अकरा मुली पुन्हा घरी भांडी घासायला बसणार, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी मुलींच्या डोळ्यांना डोळा देत नव्हते.

माघात बदलीचा हुकूम आला. मी ट्रंक भरली, ब्रह्मपुरीच्या स्टेशनपर्यंत बैलगाडी ठरवली आणि भाऊंचा निरोप घ्यायला गेले. मला त्यांनी काही बोलूच दिलं नाही. "पहिले हात धुवा," म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, मी भविष्य पाहायला आले नाही." "मले मालूम हाय. हात त धुवा." त्यांनी सूप पुढे केलं. मी चिडून हाताला लागला तो पत्ता उचलला.

त्यावर वैनगंगा होती. पत्त्याच्या दोन्ही कडांना दोन काठ. एका काठावर स्टेशन, दुसऱ्या काठावर माझी शाळा, भाऊंनी रंगवलेल्या पाटीसकट. मधोमध पाण्यात थांबलेली बैलगाडी, आणि गाडीत ट्रंकेवर बसलेली चष्मेवाली बाई. नाक थोडं लांब काढलं होतं, पण बाई मीच होते. शाळेपुढे लाल रिबिनींचे अकरा ठिपके. मी मोजले. त्यांच्या मागे, दाराच्या आडोशाला, आणखी एक राखी ठिपका होता, पण त्याला रिबीन नव्हती.

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मी चालले हे तुम्ही पत्त्यावरही काढून ठेवलंत! गावात कमी चर्चा आहे का? आणि आम्हाला हात धुवायला लावता, स्वतः मात्र रंगाचा थेंब सांडता. हा बघा."

"राहू द्या तो," भाऊ म्हणाले. "पन तुमी चालल्या, हे कोन म्हनते? बैल पाहा."

बैल जोखडातून सोडलेले होते आणि प्रवाहाकडे तोंड करून पाणी पीत होते. गाडी कुठून कुठे निघाली आहे, काहीच कळत नव्हतं. पत्ता गोल, फिरवला की कधी स्टेशन वर येई, कधी शाळा.

"पानी पेऊन झालं का जुपतीन गाडी," भाऊ म्हणाले. "कोन्या काठाकडं, ते गाडीतली बाई सांगन. मले काय मालूम? पन कायदा तुमाले ठाऊक हाय. पत्ता घरी न्याचा, काम निपटलं का वापस आनाचा. नागपूरहून आनून देसान ना?"

मी पत्ता घेऊन घरी आले. पत्ता ट्रंकेवर ठेवला आणि त्याच्यासमोर बसून मनसोक्त रडले. सकाळी गाडीवान आला तेव्हा मी त्याला परत पाठवलं आणि हुकूम रद्द करावा म्हणून अर्ज लिहायला घेतला. पत्ता परत करायला नागपूरहून कोण येणार, असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे त्या अकरा लाल ठिपक्यांनी मला धरून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात सगुणाबाई चिंचांची टोपली घेऊन वर्गाच्या दाराशी येऊन बसली. "घरी एकटीले करमत नाई," म्हणाली. चिंचा फोडता फोडता ती फळ्याकडे बघे. महिन्याभराने मी पाहिलं तर ती चिंचोके जमिनीवर मांडून अक्षरं करत होती. मग मीच तिला पाटी दिली. पन्नाशीच्या बाईला मुली आधी हसल्या. ती बेरजेत त्यांच्या पुढे गेल्यावर हसायच्या थांबल्या.

दर उन्हाळ्यात मी भाऊंकडे पत्ता परत द्यायला जाई. भाऊ विचारत, "निपटलं काम?" मी म्हणे, यंदा नव्या सात मुली आल्यात, त्यांची सोय लावायची आहे. "मंग काऊन आनला?" असं म्हणून ते मला हाकलून देत. अशी पाच-सहा वर्षं गेली.

एका कार्तिकात, धान कापणीला आलं असताना, भाऊ गेले. आठ दिवसांचा ताप पुरला. तेराव्याला मी गेले तर अंगणात रांजणापाशी रांग लागली होती. गावोगावची माणसं पत्ते परत करायला आली होती, आणि कुणी न सांगता प्रत्येक जण आधी हात धूत होता. किराणावाला गुळाची ढेप घेऊन आला होता. सुपं अपुरी पडली, पत्ते चटईवर मांडावे लागले. सगळे पत्ते एकत्र आले ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ते पाहायला भाऊ नव्हते. मीही हात धुतले आणि माझा गाडीचा पत्ता चटईवर ठेवायला वाकले.

सगुणाबाईने माझा हात धरला. "थांबा मास्तरीनबाई," ती म्हणाली आणि आतून फडक्यात बांधलेले पत्ते घेऊन आली. मी एकेक उलटून पाहिला. वैनगंगा, गाडी, लांब नाकाची बाई. पुन्हा वैनगंगा, गाडी, बाई. असे पंधरा-वीस पत्ते, सगळे सारखे.

"त्या दिवशी सुपात हेच होते," ती म्हणाली. "तुमी कोनचाबी उचलला असता, त गाडीच निंगाली असती. दिवाळीपासून हेच काहाडून राह्यला होता. तुमचा चष्मा जमत नोहोता त्याले."

मला फसवलं होतं, तेही सूपभर! त्या दुःखाच्या घरात मला हसू फुटलं, आणि सगुणाबाईही पदर तोंडाला लावून हसली. मग माझी नजर पुन्हा पत्त्यांवर गेली. प्रत्येक पत्त्यावर लाल रिबिनी अकरा, आणि प्रत्येक पत्त्यावर दाराच्या आडोशाला तोच राखी ठिपका. रंगाचा थेंब काही इतक्या वेळा एकाच जागी सांडत नाही.

मी तिच्याकडे पाहिलं.

"तो थेंब नोहे बाई," सगुणाबाई म्हणाली. "मी होओ ते. मी त्याले म्हनलं होतं, ह्या बाई गेल्या, त मले आता अक्षर कोन शिकवन?"

मी माझा पत्ता तिच्या हातात ठेवला. तिने तो उलटसुलट पाहिला, पदराने पुसला आणि अगदी भाऊंच्या आवाजात विचारलं, "निपटलं का काम?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग घरी न्या," ती म्हणाली.