बोकडाच्या गळ्यातला कळप

माझं संशोधन ब्लॉकचेनवर आहे असं सांगितलं, की वडवणीच्या बाजारात माणसं हमखास विचारतात, "ते कॉईनचं का? कवा डबल व्हतेत?" आधी मी समजावून सांगायचे. आता नुसतं "नाही" म्हणते आणि वांगी निवडायला लागते.

आमच्या भावकीत कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करणारी मी पहिलीच. घर मेंढपाळांचं. वडील गेल्यापासून कळप आईच बघते. ऊस तुटला की चुलत्यांच्या मेंढरांबरोबर ती माजलगावकडे उतरते आणि रिकाम्या रानांत खतासाठी मेंढरं बसवते.

विषय मी रागातून निवडला होता. एकदा आमची काही मेंढरं चोरीला गेली आणि पुढच्याच बाजारात दिसली. आईनं हाक मारली तर त्यांनी माना वर केल्या. पण चौकीत विचारलं, "तुमचीच कशावरून?" आईकडे उत्तर होतं, फक्त ते पोलिसांना चालणारं नव्हतं. मेंढरं गेली ती गेलीच. तेव्हाच मी ठरवलं, की कुणाच्या बापाला खोडता येणार नाही अशी नोंद करून दाखवायची.

ब्लॉकचेनचं काम तेच. नोंद एका जागी न ठेवता ती अनेक संगणकांनी सांभाळायची, आणि प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफायचा. मागचं काही बदललं की पुढचे सगळे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. माझा भाग त्यातही चिवट होता. आमचे पाच संगणक पाच ठिकाणी होते. त्यातला एक मुद्दाम खोटं बोलू लागला, तरी उरलेल्यांचं एकमत बिघडणार नाही, हे मी गणितानं सिद्ध केलं होतं. मला त्याचा गर्व होता आणि तो अजूनही आहे.

प्रयोगाला कळप आमचाच घेतला. मेंढरांच्या कानांत टॅग टोचले आणि मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी ते वाचणारं यंत्र लावलं. संध्याकाळी कळप आत शिरला की कोण कोण आलं याची नोंद आपोआप साखळीत जायची. रोज सगळी मेंढरं हजर! माझे मार्गदर्शक सर भलतेच खूश झाले. त्यांनी शोधनिबंधाचा निष्कर्षही ठरवून टाकला: यापुढे मेंढराच्या मालकीचा पुरावा म्हणून फक्त टॅग धरावा.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. सगळे टॅग एकाच क्षणी वाचले जात होते. मेंढरं अशी शिरतात का कधी? तोंडाशी रेटारेटी असते, एक आडवं उभं राहतं, एक माघारी पळतं, एखादं कोकरू दुसऱ्याच मेंढीच्या पोटाखालून घुसतं. मी एसटी धरली आणि कळप बसला होता त्या रानात जाऊन उभी राहिले.

कळप परतत होता. नेहमीसारखा बोकड पुढे होता आणि त्याच्या गळ्यात घुंगरांच्या जोडीला पिवळ्या टॅगांची भरगच्च माळ होती. मागून येणाऱ्या एकाही मेंढराच्या कानात काही नव्हतं.

"आई, हे काय केलंस?" मी ओरडलेच.

"कान चिघळले व्हते सगळ्यांचे. किडे पडाया लागले," आई म्हणाली. "तुझ्या मशीनला टॅगच पायजेत ना? रोज आत जातेत की."

"मला सांगायचं तरी!"

"तुला कशाला सांगू? तू येऊन परत टोचले असतेस."

मी लई चिडले, आणि जास्त राग याचा आला की ती बरोबर बोलत होती. मग शेताच्या धुऱ्यावर बसून विचार करायला लागले. पाचातला एकही संगणक खोटं बोलला नव्हता. सगळ्यांनी प्रामाणिकपणे, एकमतानं, घडलंच नव्हतं ते लिहून ठेवलं होतं आणि आता ते कुणालाही खोडता येणार नव्हतं. सरांचा निष्कर्ष उद्या कुणी खरंच लागू केला तर आमच्या मोकळ्या कानांच्या मेंढरांचं काय? कुणीही एक उचलावं, स्वतःचा टॅग टोचावा, आणि चौकीत पक्का पुरावा पुढे करावा. जे मी चोरांच्या विरोधात बांधलं ते चोरांच्याच कामी येणार होतं.

मी प्रबंधात यावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हे काढा. अगदीच ठेवायचं तर परिशिष्टात दोन ओळी, वापरकर्त्याची चूक म्हणून. नाहीतर माझी सही विसरा."

"सर, चूक कुणाची? जखमा आपल्या टॅगांनी झाल्या."

"भावनिक होऊ नका."

माझं डोकंच फिरलं. स्वतःचं प्रमेय कुठे तोकडं पडतं ते मी मोजून दाखवत होते, यात भावना कुठली? "साखळी आत गेलेलं खोटंही जपते, सर," मी म्हणाले. "हाच आपला निकाल आहे. तो परिशिष्टात जाणार नाही." सरांनी दुसरी फाईल उघडली. मी बाहेर आले.

मुक्कामावर जाऊन आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. सकाळी उठून बघते तर तिनं एक मेंढी गुडघ्यांत दाबून धरली होती, आणि हातात टॅग टोचायचा चिमटा. मेंढीचा कान नुकता भरून आला होता.

"कान काय, बरे व्हतेत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "हळद लावीन. तू सायबाला सांग, टॅग कानातच हायेत म्हणून. तुझं शिक्षण वाया न्हाई गेलं पायजे."

किड्यांपायी जिनं माझं अख्खं संशोधन बोकडाच्या गळ्यात बांधलं, ती माझ्यासाठी आता सगळे कान परत फोडायला बसली होती. मला रडू आवरेना. मी तिच्या हातातून चिमटा हिसकावून घेतला.

"एकाबी मेंढराच्या कानाला हात लावायचा न्हाई."

"आन् तुझी पदवी?"

"न्हाई भेटली तर न्हाई."

तिनं गुडघे सैल केले. मेंढी उठून कळपात पळाली.

त्याच दुपारी मी मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून अर्ज केला, आणि त्या प्रकरणाचा निबंध करून माझ्या एकटीच्या नावानं परिषदेला पाठवून दिला. दोन्हीकडून अजून उत्तर नाही. निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं आहे की आमची पद्धत फसली, आणि ती फसते हे ज्या मेंढपाळ बाईमुळे कळलं ती माझी आई आहे. ते वाक्य काढा असं परिषदवाले सांगतीलच. मी काढणार नाही.